नोकरीचं काही खरं नाही म्हणून रेझ्युमे लिहायला घेतलात? या चुका टाळा

कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, रेझ्युमे पाठवलाय, जरा नजर टाकता? आजच हवाय." हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम मी १९ वर्षं करतेय, त्यामुळे सोसायटीतली पोरं हक्काने येतात. येऊ देत. पण 'आजच' का? तीन महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय नुसता बसून, होतास तेव्हा काय वेब सिरीज बघत होतास?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळा संसार ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवणं. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं काढलेला. सकाळी अकराला एचआरने कॉलवर घेतलं, जेवणाच्या सुट्टीआधी लॉगिन बंद. रेझ्युमे त्याच लॅपटॉपवर, सॅलरी स्लिपा ऑफिसच्या पोर्टलवर, अप्रेझलची पत्रं ऑफिसच्या मेलमध्ये. नवी कंपनी शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी एकही उतरवून घेतली नव्हती. त्या मिळवायला पुढे पाच आठवडे मेलामेली झाली.

संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलावर बसून आठवणीतून लिहायला लागलो. त्याची पहिली ओळ: 'रिस्पॉन्सिबल फॉर टेस्टिंग अ‍ॅक्टिव्हिटीज.'

"म्हणजे काय केलंस?"

"टेस्टिंग."

चहा दोनदा झाला तेव्हा कळलं की रिलीजआधीची जी तपासणी चौघंजण तीन दिवस हाताने करायचे, ती याने स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून ऑटोमेट केली आणि एका रात्रीवर आणली होती. हे का नाही लिहिलंस? "काकू, ते टीमचं काम होतं हो. आपलीच टिमकी काय वाजवायची!" मराठी घरातला हा संकोच मी रोज बघते. अरे, टीमचं ते टीमचं म्हण, पण स्क्रिप्ट तू लिहिलीस ना? मग तेवढी ओळ तुझी. पण टेस्ट केसेस किती होत्या, हे त्याला आठवेना. आकडा लॅपटॉपबरोबर गेला.

माझी स्वतःची सवय सांगते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका साध्या वहीत चार ओळी लिहायच्या: काय केलं, आधी किती वेळ लागायचा, आता किती, कोणी शाबासकी दिली. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, इन्क्रिमेंटची पत्रं त्या त्या वेळी स्वतःच्या मेलवर. एवढंच हं! कंपनीचा कोड, क्लायंटची कागदपत्रं उचलायची नाहीत. त्यातून नोकरी जायची ती आधीच जाईल.

दुसरी माझी नावडती चूक, तारखा ताणणं. नोकरी मार्चमध्ये गेली, रेझ्युमेवर मात्र जुलै. एका उमेदवाराने हेच केलं. मुलाखती उत्तम झाल्या, ऑफर हातात, घरी पेढे वाटून झाले. मग पडताळणीवाल्यांनी पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली. पीएफचा यूएएन नंबर नोकऱ्या बदलल्या तरी एकच असतो आणि त्यात कोणत्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडली हे ओळीने दिसतं. ऑफर मागे घेतली गेली. चार महिने घरी होतो, कपातीत नोकरी गेली, असं सरळ सांगितलं असतं तर दोन मिनिटांत विषय संपला असता. कपातीत नोकरी गेलेल्यांना मी स्वतः कितीदा निवडलंय. आणि हो, जुन्या कंपनीने पीएफवर सोडल्याची तारीख बरोबर चढवली आहे का, तेही एकदा बघून घ्या. कधीकधी चूक त्यांची असते आणि खुलासा तुम्हाला करावा लागतो.

बाकीच्या बारीकसारीक. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती नको, आम्ही स्थळ बघत नाही. दोन कॉलम, चौकटी, कौशल्यापुढे तारे नकोत. बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला ते धड वाचता येत नाही. फाइलचं नाव 'फायनल न्यू २' नको. रेझ्युमे ऑफिसच्या मेलवरून पाठवू नका. नोकरी डॉट कॉमवर आपली कंपनी ब्लॉक करता येते, ते आधी करा. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधत असल्याची खूण, फक्त रिक्रूटरांना दिसेल असं ठेवता येतं, पण तुमच्या कंपनीला कळणारच नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही.

आणि चॅटजीपीटीकडून सबंध रेझ्युमे लिहून घेणाऱ्यांनो, 'रिझल्ट-ओरिएंटेड डायनॅमिक प्रोफेशनल' मी एका दिवसात सात वेळा वाचते. व्याकरण तपासून घ्या, माझी हरकत नाही. पण तुम्ही काय केलंत हे त्याला कसं ठाऊक असणार?

परवा आमच्याच ऑफिसात 'रिस्ट्रक्चरिंग'चा मेल आला. माणसं निवडणाऱ्यांची गरज आधी संपते, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. रात्री वही काढली. मे आणि जूनची पानं कोरी होती.