रहस्यकादंबरीचा ब्लर्ब सुधारताना या चुका टाळा

कादंबरीसाठी दोन-तीन वर्षे झिजणारे लेखक मलपृष्ठावरचा मजकूर, म्हणजेच ब्लर्ब, एका संध्याकाळी उरकतात आणि पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या आठवड्यात तो सुधारायला बसतात. अशा मजकुरांवर अनेक वर्षे लाल पेन चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की रहस्य पहिल्या खर्ड्यात क्वचितच फुटते, ते फुटते या घाईच्या सुधारणेत. खुनी कोण हे लेखकाला ठाऊक असते, आणि त्याला झाकण्यासाठी लेखक जी धडपड करतो, नेमकी तीच वाचकाच्या नजरेत भरते.

एका नवोदित लेखकाच्या कादंबरीत बंद खोलीतला मृत्यू होता आणि घरात चार संशयित होते. पहिल्या खर्ड्यातली ओळ अशी होती: ‘त्या रात्री घरात चौघेच होते: पुतण्या, जावई, परिचारिका आणि डॉक्टर.’ ओळ कोरडी होती, पण निर्दोष होती. पात्रे जिवंत वाटत नाहीत असे कोणीतरी सुचवले, तेव्हा लेखकाने ती अशी सुधारली: ‘कर्जात बुडालेला पुतण्या, संतापी जावई, भूतकाळ लपवणारी परिचारिका आणि सर्वांच्या मदतीला धावून जाणारे डॉक्टर.’ खून अर्थातच डॉक्टरांनी केला होता. तिघांवर संशय लादून चौथ्याच्या गळ्यात हार घातला, तर रहस्यकथांवर पोसलेला वाचक दुसऱ्या कोणाचे नाव घेणार? हे मी कळवल्यावर लेखकाने दुसऱ्या टोकाला उडी मारली आणि डॉक्टरांनाही ‘गूढ’ करून टाकले, त्यामुळे चौघेही नाटकातल्या खलनायकांसारखे दिसू लागले. अखेर आम्ही ती यादीच काढली आणि मृत गृहस्थ व तपासात ओढली गेलेली शेजारीण एवढ्या दोघांवरच मजकूर उभा केला. तेव्हापासून ब्लर्बमध्ये दोन, फार तर तीन पात्रे ठेवायची, असा माझा हट्ट आहे.

या चुकीवर माझ्याकडे एकच उपाय आहे. मजकूर कागदावर छापून मी तो कादंबरी न वाचलेल्या माणसाच्या हातात देतो आणि ‘कसा वाटला?’ असे न विचारता ‘तुमचा संशय कोणावर आहे?’ एवढेच विचारतो. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला सगळे जण ‘छान’ म्हणतात, आणि त्या उत्तराचा काहीही उपयोग नसतो.

दुसरी चूक मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला विशेष येते, कारण आपले क्रियापद बहुतेक वेळा कर्त्याचे लिंग उघड करते. ‘त्या रात्री मागच्या दाराने कोण आली होती?’ असे लिहिले की निम्मे संशयित बाद झाले. ‘कोण आला होता?’ असे लिहिले तर वाचक पुरुष गृहीत धरतो, आणि खुनी स्त्री निघाल्यास फसवणूक झाल्याची तक्रार करतो. वास्तविक याची सोय भाषेतच आहे. ‘मागचे दार कोणी उघडले?’ या वाक्यात क्रियापद ‘दार’ या शब्दाच्या लिंगाप्रमाणे चालते आणि उघडणारा किंवा उघडणारी झाकली जाते. ‘व्यक्ती’ हा शब्द तर मुळातच स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ती व्यक्ती परत आली’ यातून काहीच कळत नाही. मात्र पुढच्याच वाक्यात ‘त्याने’ लिहून केलेली मेहनत वाया घालवू नये. ही तपासणी मी क्रियापदांखाली रेघा ओढूनच करतो. पडद्यावर नुसती नजर फिरवून ती होत नाही, हे घाई असलेल्यांना कितीही सांगितले तरी पटत नाही.

‘शेवटचा धक्का तुम्हाला हादरवून टाकेल’ हे वाक्य सर्वप्रथम कापावे. धक्का बसणार हे आधीच सांगितले की वाचक पहिल्या प्रकरणापासून तोच शोधत बसतो. ‘थरारक’, ‘उत्कंठावर्धक’ आणि ‘खिळवून ठेवणारी’ यांनाही तोच न्याय लावावा. ‘ब्लर्ब’ हा शब्दच मुळी १९०७ साली गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने अशा अतिस्तुतीची टर उडवण्यासाठी रूढ केला होता.

कथानकाच्या पहिल्या चतुर्थांशाच्या पुढचे काहीही सांगू नये. ओळीने चार प्रश्नचिन्हे आली तर तीन खोडावीत. वाक्यांच्या शेवटी टिंबांची रांग लावल्याने गूढ वाढत नाही. संपूर्ण कादंबरी संगणकाला देऊन त्याच्याकडून ब्लर्ब लिहून घेणाऱ्यांच्या हाती बहुधा सारांश पडतो, आणि सारांशात काहीच राखून ठेवलेले नसते.

लांबी शंभर ते दीडशे शब्दांची पुरते. तरीही मजकूर पुस्तकाच्या खऱ्या आकारात छापून पाहावा, कारण तळाशी १३ अंकी आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, बारकोड बसतो आणि तिथे पोहोचलेल्या ओळी मग मांडणीकार आपल्या मर्जीने बारीक करतो. ऑनलाइन विक्रीच्या पानावर अनेकदा सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. त्या ओळी पावसाच्या वर्णनात खर्ची घालू नयेत.

शेवटची चूक मी स्वतः केलेली आहे. एका कादंबरीचा ब्लर्ब मी तिच्या दुसऱ्या खर्ड्यावरून घासूनपुसून तयार केला होता आणि त्यात ‘आठ दिवसांत तीन खून’ अशी ओळ होती. चौथ्या खर्ड्यात लेखिकेने एक खून काढून टाकला, मला तसे कळवलेही, आणि मी ब्लर्ब पुन्हा उघडला नाही. पुस्तक आल्यावर वाचकांची विचारणा सुरू झाली की तिसरा मृतदेह कुठे आहे, आणि एकाने तर छपाईत पाने गळाली असावीत असे समजून दुसरी प्रत मागितली. आता मी ब्लर्बच्या प्रत्येक प्रतीवर तो कोणत्या खर्ड्यावरून लिहिला आहे याचा क्रमांक टाकतो आणि छपाईच्या आदल्या दिवशी त्यातले प्रत्येक नाव, वय आणि आकडा अंतिम संहितेशी ताडून पाहतो. या कामाला पंधरा मिनिटे लागतात.