गावी चर खणण्याआधी मुंबईत पिंपाची तयारी

सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड रानात सच्छिद्र पाइप घालून निचरा केला, की क्षारांबरोबर खतातला नत्रही नायट्रेट होऊन ओढ्याला लागतो. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं, मातीला चिकटत नाही, फडक्याने गाळून निघत नाही. अमेरिकेत आयोवा, इलिनॉयकडे ते काढायला शेताच्या कडेला लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला चर करतात; तोच बायोरिअ‍ॅक्टर. जिवाणू लाकडातला कार्बन खातात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपला की नायट्रेटमधला वापरतात. नत्र वायू होऊन हवेत जातो. तसा चर सहज शंभर फुटी होतो, म्हणून आधी मुंबईत सोसायटीच्या गच्चीवर पन्नास लिटरच्या पिंपात चालवून बघा. चुका इथे स्वस्तात होतात.

ढलप्या मे महिन्यातच मिळवा. पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी चालू असते, तेव्हा फांद्यांना तोटा नसतो. तुकडे बोटाच्या पेराएवढे हवेत. वखारीतला भुसा फुकट मिळाला तरी नको, तो पिंप तुंबवतो. प्लायवूड, रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूडही नको. पाला झटकून टाका. पिंप जुनं घेत असाल तर त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं बघा.

पाणी तळाशी आत, वरच्या बाजूने बाहेर. बाहेरच्या नळीला फिरणारा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावला की पातळी कमी-जास्त करता येते. पाणी ढलप्यांच्या माथ्याखाली चार बोटं राहू द्या आणि झाकणाच्या भोकांना बारीक जाळी लावा, नाहीतर नायट्रेट राहील बाजूला आणि डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून महापालिकेची नोटीस येईल. झाकण हवाबंद करू नका, वायूला वाट हवी.

खरी मेख वेगात आहे. ढलप्या रात्रभर भिजवून निथळा आणि भरलेल्या पिंपात मापाने पाणी ओता. साधारण पंचवीस लिटर मावलं आणि ते आठ तास आत राहायला हवं असेल, तर तासाला तीन लिटर सोडायचं, म्हणजे लिटरची बाटली वीस मिनिटांत भरली पाहिजे. ठिबकच्या तोटीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. तो दाबाखालचा असतो, टाकीच्या उंचीवर तेवढं पाणी येत नाही. बाटली आणि घड्याळ घेऊन स्वतः मोजा. फार जोरात सोडलं तर नायट्रेट तसंच बाहेर पडतं. फार रेंगाळलं तर नायट्रेट संपून जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तो विषारी वायू आहे, आत डोकावू नका, वेग वाढवा.

चाचणीच्या पाण्यासाठी 13-0-45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हे विद्राव्य खत पुरतं. शंभर लिटरला 15 ग्रॅम घातलं की नायट्रेट लिटरला 85 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या. मूठभर शेतमाती टाकली की जिवाणूंची सोय झाली. मोजायच्या पट्ट्या क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्या, म्हणजे अ‍ॅक्वेरियमच्या, दुकानांत बघा. नायट्राइटही दाखवणाऱ्या घ्या, कारण काम अर्धवट झालं तर तेच उरतं. पट्टीवरचा आकडा नायट्रेटचा की त्यातल्या नत्राचा, हे डबीवर वाचा. दोन्हींत 4.43 पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा नायट्रेटची, अमेरिकेतली 10 नत्राची. म्हणजे जवळपास एकच. अर्थात पिंपातलं पाणी प्यायचं नाहीच.

पहिलं पाणी चहाच्या रंगाचं येईल. ते गटारात किंवा तळ्यात न सोडता कुंड्यांना घाला. सुरुवातीचे आकडे फार चांगले दिसतात, कारण ताज्या लाकडातला सहज पचणारा कार्बन तेव्हा भरपूर असतो. त्यावर चराचं माप काढू नका. सकाळी आत गेलेल्या पाण्याची तुलना संध्याकाळी बाहेर आलेल्याशी करा.

आकडे स्थिरावले की गावाकडून येणाऱ्या कुणाबरोबर निचऱ्याचं पाणी कॅनमधून मागवा आणि तेच सोडा. क्षारांमुळे काम मंदावलं तर आठ तासांचे बारा करावे लागतील आणि चर त्या हिशेबाने मोठा आखावा लागेल. मुसळधार पावसाचं जादा पाणी बाजूने काढून द्यायची वाट मात्र चराच्या नकाशात पहिल्यापासून हवी.