साठीनंतर फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल घेताय? बडोद्यातल्या माझ्या अनुभवावरून सांगते

आपल्या वयाच्या कुणाला फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल घ्यायची असेल तर दुकानात गेल्या गेल्या रेंज किती, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, हे विचारू नका. सगळे तेच विचारतात आणि दुकानदारही तेच सांगत बसतो. मी ६७ वर्षांची, मांजलपूरला दुसऱ्या मजल्यावर राहते, दोन्ही गुडघे दुखतात, स्कूटर स्टँडवर चढवणं जमेना म्हणून ती विकली आणि दीड वर्षापासून ही सायकल चालवतेय. या दीड वर्षात मला कळलं ते असं की एकदा सायकल चालायला लागली की फारसा त्रास नसतो, जो होतो तो चढताना, उतरताना, सिग्नलला सुटताना आणि उचलताना होतो. म्हणून सायकल बघताना हे चार प्रसंग डोळ्यापुढे ठेवायचे, बाकीचं मागाहून.

उचलण्यापासूनच सुरू करते. फोल्डिंग कशाला, साधी का नाही, असं मला माहेरच्या सगळ्यांनी विचारलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पाण्यात होत्या आणि आम्ही वरून नुसतं बघत होतो. मोटर आणि बॅटरी असलेली वस्तू परत त्याच पार्किंगमध्ये ठेवायची माझी हिंमत नव्हती. घरात आणता येईल अशीच पाहिजे होती. पण घडी होते म्हणजे उचलता येते असं नाही हं! या सायकली साधारण १६ ते २५ किलोच्या असतात, जाड टायरवाल्या त्याहूनही जड. घरी २० लिटरचा पाण्याचा जार येतो ना, तो भरलेला उचलून चार पायऱ्या चढून बघा, म्हणजे दुकानदार "हलकी आहे मावशी" म्हणतो त्याचा अर्थ लगेच कळेल. बॅटरी निघणारी असली तर दोन-तीन किलो कमी होतात आणि दोन फेऱ्यांत वर नेता येतं. लिफ्ट असेल तर घडी केलेली सायकल ढकलत नेता येते का ते बघा, काही मॉडेल घडी झाल्यावर आपल्याच चाकांवर सरकतात, काही नुसती गठ्ठ्यासारखी पडून राहतात. लिफ्टचं दार मापून जा. आणि घडी तुम्ही स्वतः घाला, तीन वेळा, दुकानातल्या पोराला घालू देऊ नका.

आता चढणं. फ्रेमचा मधला दांडा जितका खाली तितकं बरं, साडी नेसणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. पाय मागून फिरवून टाकायची सायकल आपल्यासाठी नाही, मग ती कितीही सुंदर असो. सीट सुरुवातीला इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. पण कायम तशीच ठेवली तर गुडघे जास्त दुखतात, कारण पेडल मारताना पाय सरळच होत नाही. मी पहिले तीन आठवडे खाली ठेवली आणि मग थोडी थोडी वर घेत गेले, पेडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील इतपत. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती खूण बाहेर दिसेल इतकी वर कधीच ओढायची नाही, नळी वाकू शकते. हँडलही वरखाली होणारं घ्या, नाहीतर मान आणि मनगटं भरून येतात. आणि किती वजनाचा माणूस चालतो तो आकडा लिहिलेला असतो तो वाचा, त्यात भाजीची पिशवीही धरा.

सुटणं हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि याबद्दल कुणीच आपणहून सांगत नाही. मोटर कधी चालू व्हायची हे सायकलला सेन्सरवरून कळतं. स्वस्तातल्या सायकलींत तो सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, फिरलं की मोटर चालू, बटण दाबल्यासारखी. दुसरा असतो टॉर्क सेन्सर, तुम्ही पायाने जितका जोर लावाल तितकीच मदत तो देतो. मी पहिली ट्रायल घेतली ती पहिल्या प्रकारची होती, असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, पाचवर ठेवलेला होता आणि कुणी सांगितलंही नव्हतं, पाव फेरा मारला आणि सायकल अशी सुटली की मी समोरच्या हातगाडीवरच गेले असते, तिथल्या भाऊंनी हँडल धरलं म्हणून वाचले. तेव्हा बजेट थोडं ताणावं लागलं तरी टॉर्क सेन्सर बघा. नाहीच जमलं तर असिस्ट नेहमी एकवर ठेवून सुटायचं आणि ब्रेकचं लिव्हर दाबलं की मोटर त्या क्षणी बंद होते ना ते चाचणीत दहा वेळा बघायचं. हे नसेल तर ती सायकल घेऊ नका.

थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता हातानेच मोटर चालवायची सोय, पाहिजे का? दुखऱ्या गुडघ्याला सिग्नलवरून सुटताना त्याची मदत होते हे खरं. पण मुठीने पिळायचा थ्रॉटल असेल तर सायकल हाताने ढकलताना चुकून पिळला जातो आणि ती आपल्याला ओढत नेते. अंगठ्याचा असेल तर धोका कमी. उतरलं की आधी स्विच बंद, मग बाकी सगळं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. काही सायकलींना वॉक मोड असतो, बटण धरून ठेवलं की ती आपल्या चालीने शेजारी चालते, पार्किंगच्या ढाळावर मला त्याचा फार आधार वाटतो.

ब्रेक डिस्कचेच घ्या, आणि बोटं आखडत असतील तर हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, त्याला जोर कमी लागतो. लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतं, सेट करून मागा.

चाकं १६ इंची असली की घडी छोटी होते पण खड्डा चांगलाच जाणवतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांचं काय होतं ते माहीतच आहे. मी २० इंची घेतली, टायर दोन इंच रुंद. २० इंचाची ट्यूब लहान मुलांच्या सायकलींना लागते म्हणून मांडवीकडे कुठेही मिळते, फक्त टायरवरचा ४०६ आकडा जुळवून घ्या. मोटर मागच्या चाकात असेल तर पंक्चर काढताना वायर सोडवावी लागते आणि आपला नेहमीचा पंक्चरवाला ते करायला घाबरतो, म्हणून घेतानाच दुकानात समोर चाक काढून दाखवा म्हणायचं आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा.

घडीचा सांधा आणि हँडलचा सांधा, दोन्हीकडे कुलपासारखा दुसरा खटका पाहिजे. उघडल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, खटखट लागली तर बसू नका. मी हे रोज करते.

रेंजचं आता सांगते. बॅटरीवर लिहिलेल्या व्होल्टला ॲम्पिअर-अवरने (Ah) गुणा, ३६ गुणिले ७.८ म्हणजे साधारण २८० वॉट-अवर, एवढी वीज तिच्यात मावते. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला १०-१२ वॉट-अवर लागतात, म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपास, नुसत्या थ्रॉटलवर बरंच कमी. मला मांडवी नाहीतर दांडिया बाजार आणि परत, एवढंच असतं, त्यामुळे छोटी बॅटरी मुद्दाम घेतली, वजन वाचलं. बडोदं सपाट, चढ म्हणाल तर पुलांचाच, तेव्हा ट्रायल घ्यायची तर सकाळी लवकर अकोटा-दांडिया बाजार पुलावर घ्या, चढताना मोटर किती दमते आणि उतरताना ब्रेक कसे लागतात दोन्ही कळतं.

कायद्याचं थोडक्यात: मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, तर लायसन्स, नंबर प्लेट काही लागत नाही. कुणी म्हणालं लिमिट काढून देतो, ३५ ने पळेल, तर सरळ नाही म्हणा, मग ती कायद्याने मोटरगाडी होते आणि आपले ब्रेक आणि आपले डोळे त्या वेगाचे नाहीत. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घालाच. मान पूर्ण वळत नाही ना आपली, त्यामुळे आरसा दोन्ही बाजूंना. ओढणी कमरेला खोचून, चाक लहान असल्यामुळे टोक पटकन अडकतं. चक्कर येत असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बॅटरी घरात चार्ज करायची, तिच्याच चार्जरने, जागेपणी, आणि दाराच्या वाटेत नाही. उन्हातून आलात की अर्धा तास गार होऊ द्या. मे महिन्यात पत्र्याखाली चार्जिंगला लावू नका, ४५ अंशांच्या वर या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात. मुलाकडे दोन महिने जाणार असाल तर अर्धी भरून ठेवून जा. विमानातून सायकल बरोबर नेता येत नाही, १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

राहिलं उत्तरायण, म्हणजे आपल्या गुजरातेतली पतंगांची संक्रांत. जानेवारी लागला की रस्त्यावर पतंगांचे दोरे लोंबायला लागतात. स्कूटरवाले दोरा गळ्याला लागू नये म्हणून हँडलला सळी लावून घेतात, आपल्या फोल्डिंगच्या हँडलला ती धड बसत नाही आणि घडीही होत नाही. म्हणून मी गळ्याला जाड मफलर दोन वेढे घेते आणि १० ते १६ जानेवारी सायकल बाहेरच काढत नाही. नंतरही आठवडाभर घरी आलं की दोन्ही चाकांचे आस बघायचे, मांजा मोटरच्या आसाला गुंडाळलेला असतो आणि हाताने ओढला तर बोट कापतं. आधी बॅटरी काढायची, मग कात्रीने तुकडे करून काढायचा.