पावत्या पेरांवर मोजा, मग एक्सेलची बेरीज धरा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान असो, गुजरीतली पेढी असो की शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत, संध्याकाळचं काम एकच: पावत्यांचा गठ्ठा एक्सेलमध्ये चढवायचा आणि बेरीज गल्ल्याशी जुळवायची. शॉर्टकटनं हात भराभर चालतो, पण एखादी पावती गळाली तर बेरीज ते सांगत नाही. म्हणून कीबोर्डला हात लावण्याआधी गठ्ठा बोटांच्या पेरांवर मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.

अंगठा सोडून डाव्या हाताच्या चार बोटांना तीन-तीन पेरं, म्हणजे बारा. करंगळीच्या बुडाच्या पेरावर अंगठा टेकवला की एक, मधलं दोन, टोकाचं तीन. मग अनामिकेच्या बुडाशी चार. तर्जनीच्या टोकाला डझन पुरा. उजवा हात पावत्या उलटायला मोकळा राहतो. डझन झाला की ती चळत आडवी ठेवा, पुढची उभी, त्यापुढची पुन्हा आडवी. मध्येच गिऱ्हाईक आलं तर अंगठा आहे तिथंच दाबून धरा. ट्रकमधले गुळाचे रवे नजरेनं मोजताना उजवा हातही रिकामा असतो; तेव्हा दर डझनाला त्याचं एक बोट मिटा. मूठ वळली की साठ. दोन मुठी, वर एक डझन आणि पाच पेरं, म्हणजे १३७.

काही जण पेरांऐवजी बोटांवरच्या रेघा आणि वर टोक मोजतात. तसं एका बोटाला चार आणि हाताला सोळा होतात. तीही रीत चांगलीच, पण दोघं मिळून मोजत असाल तर आधी ठरवून घ्या. नाहीतर दर फेरीला चाराचा फरक पडतो.

आता भरणी. पहिली ओळ शीर्षकांची, पहिला रकाना (ए) पावती नंबरचा. कीबोर्ड मराठीवर असेल तर विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, कारण इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत अर्धविरामाच्या जागी च बसतो. कंट्रोल धरून अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते आणि ती कायम राहते. टुडेचं सूत्र वापरलं तर फाइल उद्या उघडल्यावर सगळ्या पावत्या उद्याच्या होतात. वरच्याच व्यापाऱ्याचं नाव खाली हवं असेल तर कंट्रोल-डी. पुढच्या रकान्यात जायला टॅब आणि ओळ संपली की एंटर: कर्सर आपोआप खालच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात येतो. मध्येच माऊसनं दुसरीकडे क्लिक केलं तर मात्र ही सोय तुटते. उजवीकडच्या आकड्यांच्या कळा दाबून कर्सरच पळायला लागला तर नमलॉक बंद आहे.

बेरजेला रकान्याच्या तळाच्या रिकाम्या चौकोनात ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबा. लगेच एंटर मारू नका. आधी तुटक रेघांची चौकट कुठपर्यंत गेली ते बघा, कारण मध्ये एक चौकोन रिकामा असला की एक्सेल त्याच्या खालचेच आकडे धरतं. दुसरा घोळ आपल्या पावतीच्या सवयीचा: ४५०/- असं लिहिलं की एक्सेलच्या लेखी तो मजकूर होतो आणि बेरजेतून गळतो. असा आकडा चौकोनात डावीकडे चिकटून दिसतो.

तो पकडायला शीर्षक सोडून रकमांचा पहिला चौकोन निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबा. हाही बाण रिकाम्या चौकोनाशी थांबतो, तेव्हा निवड शेवटच्या पावतीपर्यंत गेली का ते पाहा. बेरजेचा चौकोन सोबत आला असेल तर शिफ्ट धरून वरचा बाण एकदा दाबा. आता एक्सेलच्या तळाच्या पट्टीवर (स्टेटस बार) उजवं क्लिक करून काउंट (भरलेले सगळे चौकोन) आणि न्यूमरिकल काउंट (फक्त आकड्यांचे चौकोन), दोन्हींवर खूण करा. दोघांतला फरक म्हणजे मजकूर झालेले आकडे. आणि काउंट तुमच्या पेरांवरच्या मोजणीइतका यायलाच हवा.

१३७ ऐवजी १३६ आले तर सगळा गठ्ठा पुन्हा तपासू नका. शीर्षक पहिल्या ओळीत असल्यानं पहिला डझन १३ व्या ओळीला संपतो, दुसरा २५ व्या, तिसरा ३७ व्या, पाचवा ६१ व्या. कंट्रोल-जी दाबून ए६१ लिहा, एंटर मारा आणि तिथला पावती नंबर पाचव्या चळतीच्या शेवटच्या पावतीशी ताडून बघा. जुळला तर चूक पुढे, नाही तर मागे. अशा दोन-तीन उड्यांत चूक एका चळतीत सापडते. तेवढ्या बारा पावत्या चाळा, चिकटलेल्या दोन तिथंच निघतील.