कुरळ्या कोरड्या केसांना रिठा नको, जास्वंद घ्या

माझे केस कुरळे नि कोरडे, बहिणीचे सरळ आणि दुसऱ्याच दिवशी तेलकट होणारे, त्यामुळे एकच शिकेकाई-रिठा दोघींना चालायचा नाही. रिठ्यातलं सॅपोनिन (साबणासारखा फेस करणारा घटक) तेल काढून टाकतं, ते तिला मस्त मानवलं, माझे केस मात्र पार काथ्यासारखे व्हायचे. मग मी रिठा बंद करून जास्वंदीची पानं घेतली, मूठभर पानं कोमट पाण्यात चुरगळली की बुळबुळीत हिरवा गर सुटतो, तोच थोड्या शिकेकाईत मिसळून लावते, आणि कंडिशनर म्हणून जवस उकळून गरम असतानाच गाळायचं (गार झालं की जेल घट्ट होतं, गाळणीतून उतरतच नाही), ते ओल्या केसांच्या टोकांना लावायचं. आता गुंता बोटांनीच सुटतो. शिकेकाई डोळ्यात गेली तर भयंकर चुरचुरते हं, तेवढं सांभाळा.