चिंचोक्यांची चेंगराचेंगरी

आमचं सभागृह कुडाळजवळ, खुर्च्या ८००. दशावताराचा महोत्सव असो की लग्न, गर्दी ठरलेली. म्हणून गणपतीआधी मी टेबलावर आणीबाणीचा सराव घेतो. जुन्या कॅरम बोर्डावर खडूने नकाशा, प्रेक्षक म्हणजे चिंचोके. वायरमन, डोअरकीपर, पार्किंगवाला सगळे हवेत; मॅनेजर एकटाच बसला तर ते दिवास्वप्न.

मी चिठ्ठ्या उघडतो. "७:४०. लाइट गेली, बाहेर मुसळधार." दोन मिनिटांनी, "जनरेटरच्या खोलीतून धूर." आत्ता तू काय करतोस? "तेव्हा काय ता बघूया" हे आमच्या वायरमनचं लाडकं उत्तर चालत नाही. ११२ ला फोन कोण लावणार, माइकवर नेमकं काय बोलणार, ते तिथल्या तिथे बोलून दाखवायचं.

गेल्या वर्षी विचारलं, मागच्या दाराची चावी कुठे? तिघांनी एकमेकांकडे बोट केलं. ती निघाली कॅन्टीनवाल्याच्या खुंटीवर, आणि तो साडेसातला घरी जातो! १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसं गेली. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. गेल्या वर्षीच्या त्या सरावापासून कार्यक्रम चालू असताना आमच्या एकाही दाराला कुलूप नसतं.

दाराशी चिंचोके दाटले की मोजा. चौरस मीटरला पाचाच्या वर माणसं झाली की धोका. त्यापुढे माणूस स्वतः चालत नाही, गर्दी त्याला नेते. ती आतल्या बाजूलाच कुठे थोपवायची, हे आधी ठरवा.

शेवटी चुका वहीत, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. मग रिकाम्या हॉलमध्ये दिवे मालवून तेच चालून बघायचं. बॅटऱ्यांचे सेल आधी तपासा.