मलूल पिल्लाला आधी ऊब, मग पाणी, घास सगळ्यात शेवटी

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू डोळे मिटून कोपऱ्यात पडलं, की आपण आधी त्याला भरवायला धावतो. मीही धावलो होतो. मागच्या हिवाळ्यात अंबडजवळच्या आमच्या घरी १७ पिल्लं निघाली, त्यातली तीन फारच बारकी. एकाचं अंग गार होतं, तरी मी रात्री चिमट्यानं त्याला अळ्या चारल्या. सकाळी ते गेलेलं होतं. सरड्याच्या जातीला अंगात स्वतःची ऊब करता येत नाही. बाहेरून ऊब मिळाली नाही, तर पोटातलं पचत नाही, तिथंच कुजतं. ते लेकरू माझ्या घाईनं गेलं, म्हणून हे लिहितोय.

पिल्लाच्या पेटीत ऊब देणाऱ्या दिव्याखालच्या दगडावर ४० ते ४२ अंश सेल्सिअस आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश हवेत. हातानं अंदाज घेऊ नका, दगडावर थर्मामीटर टेकवून बघा. रात्री अशक्त पिल्लाच्या पेटीत २० च्या खाली जाऊ देऊ नये. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते आणि वीजही जाते. तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे नको वाटलं तर पिल्लू बाजूला सरकतं. मे महिन्यात उलटं. खोलीच तापलेली असते, गार टोक उरतच नाही. पेटी मधल्या घरात फरशीवर आणा, पण कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या दमट हवेनं छाती भरते.

यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब, हवीच, ती नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. आई पेटी खिडकीत ठेवायची, पण काचेतून तो किरण येत नाही. ऊन द्यायचं तर सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धी सावली केलेल्या जाळीच्या टोपलीत दहा मिनिटं, आपण शेजारी बसून. काचेची पेटी उन्हात कधीच नको, आत भट्टी होते.

अंगात ऊब आल्यावर पाणी. डोळे खोल गेलेत, कातडी सुरकुतलीय, म्हणजे पाणी कमी पडलंय. मनगटाला कोमट लागेल असं पाणी पसरट डब्यात घ्या, पिल्लाच्या कोपरापर्यंतच, आणि दहा मिनिटं हात जवळ ठेवा. नंतर नीट पुसा. बिनसुईच्या सिरिंजनं नाकपुडी टाळून ओठावर एक थेंब सोडला की ते चाटतं. तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं.

आता खाणं. नुकतं निघालेलं पिल्लू दोन-तीन दिवस खात नसेल तर घाबरू नका, पोटात बलक शिल्लक असतो. पुढे दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये. आमची तुती आहे, रेशीम शेड आहे, त्यामुळे मी चॉकीच्या, म्हणजे रेशमाच्या अगदी कोवळ्या, बारक्या अळ्या देतो. मऊ असतात, पाणीदार असतात, अशक्त पिल्लालाही पचतात. पण रॅकवर चुना किंवा निर्जंतुक पावडर टाकलेली असते, त्या अळ्या घ्यायच्या नाहीत. मी चार-पाच अळ्या आधीच वेगळ्या काढून साध्या तुतीवर वाढवतो. सुजलेली, पिवळी पडलेली अळी फेकून द्या. काजवा तर चुकूनही नको, एकानंही जीव जातो. कॅल्शियमची पावडर आठवड्यातून पाच दिवस किड्यांवर भुरभुरा. शेवग्याचा पाला बारीक चिरून ठेवा, पालक नको.

खाली वाळू टाकू नका, साधा कागद अंथरा. विष्ठा लगेच दिसते, पोटात वाळू अडकायची भीती नाही. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्या, ते झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात.

रोज सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. सोनार वापरतात तसला छोटा काटा पुरतो. निरोगी पिल्लू निघताना साधारण २ ते ३ ग्रॅमचं असतं. दोन-तीन दिवस वजन सलग उतरलं, पाय थरथरले, जबडा मऊ लागला, पातळ वास मारणारी विष्ठा झाली किंवा पिल्लू मान वर करून नुसतं टक लावू लागलं, तर घरचे उपाय थांबवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सरड्यांचं बघणारं कोणी आहे का, ते आधी फोनवर विचारा आणि ताजी विष्ठा स्वच्छ डबीत सोबत न्या. जंत की कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), हे ती तपासल्याशिवाय कळत नाही. कोंबड्यांचं औषध अंदाजानं पाजू नका. जबरदस्तीनं भरवायचं तर तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

पेटीतून हात काढला की साबणानं धुवा, घरात बारकी पोरं असतील तर जास्तच, कारण साल्मोनेला हा जुलाब करणारा जंतू निरोगी पिल्लाच्या अंगावरही असू शकतो. आणि अशक्त पिल्लू पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. भावंडं त्याची बोटं, शेपूट चावतात आणि दिव्याखालची जागाही बळकावतात. उरलेल्या दोघांना मी तसंच ठेवलं. धाकटं १.९ ग्रॅमवरून ५ वर आलं, तरी त्याची पेटी आजही वेगळीच आहे.